तिसरा चौथरा

रंगातात्यांच्या ओसरीतल्या एका खिळ्याला कायम एक धुतलेला पांढरा सदरा आणि टोपी अडकवलेली असे. हा सदरा ते लग्नाला घालत नसत, बाजाराला नाही, मतदानालाही नाही. तो मातीचा सदरा होता. आमच्या इस्लामपूर भागात अंत्यविधीला माती म्हणतात, आणि पंचक्रोशीत माती कुणाचीही असो, तात्या तिथं हजर. खबर आली की हातातलं काम जागच्या जागी थांबायचं. उसाला पाणी पाजत असतील तर खोरं बांधावर रोवायचं, पाय धुवायचे, सदरा अंगात घालायचा आणि मोपेडला किक मारायची. मयत ओळखीचं असलं पाहिजे अशीही अट नव्हती. "लग्नाला आवतान लागतं, मातीला न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तिथं गेल्यावर मात्र हा माणूस गप्प बसत नसे. लाकडं कशी रचायची, वारा कुठून आहे, तिरडीची गाठ कुठं मारायची, सगळ्यात त्यांचा शब्द. आमच्याकडे मातीला पुढारी येतात आणि श्रद्धांजलीची भाषणं करतात. भाषण लांबलं की तात्या मागून सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणायचे, "आवरा आता, न्हाईतर मेल्यालं मानूस उठून टाळ्या वाजवंल." लोक खाली माना घालून हसत. पुढारी आवरतं घेत.

माझ्या वडिलांना, आण्णांना, ते भावकीतले. दोन वर्षांनी लहान, पण दोघांचं मैत्र लंगोटीपासूनचं. आण्णा त्यांना छेडत, "रंगा, माझ्या मातीला ये, पन मला लाकडं रचायला शिकवू नगंस."

"तुमी उठून सांगा, मग न्हाई शिकवत," असं तात्या म्हणत.

दोघंही हसत. मी साताऱ्यात शाळामास्तर. सुट्टीला गावी गेलो की हे संभाषण एकदा तरी कानावर पडायचं. त्याचा कंटाळाही यायचा.

मग करोना आला. गावानं वेशीवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या, मध्ये एक बैलगाडी आडवी लावली. मुंबई-पुण्याहून आलेल्यांना शाळेत कोंडलं. जत्रेला भरघोस वर्गणी द्यावी म्हणून ज्यांच्या दारी खेटे घातले, त्यांनाच आता लांबून पाण्याची कळशी ढकलत होते. मी गावाला हसू शकत नाही. मी स्वतः साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये दुधाच्या पिशव्या साबणानं धुवत होतो आणि शेजारी खोकला की खिडकी लावून घेत होतो.

दुसऱ्या लाटेत माणसं खरी मरायला लागली. तात्यांच्या गल्लीतली एक म्हातारी घरातच गेली. गल्लीतली सगळी दारं बंद. तिचे दोन मुलगे अंगभर प्लॅस्टिक घालून उभे, आणि उचलायला हात कमी. तात्यांनी आंघोळ केली, मातीचा सदरा घातला, तोंडाला उपरणं बांधलं आणि तिरडीला खांदा दिला. दुसऱ्या दिवसापासून गावानं त्यांना वाळीतच टाकलं म्हणा ना. न्हावी दाढी करीना, डेअरीवाला म्हणाला दूध दुसऱ्या कुणाकडून तरी पाठवा, आणि सुनेनं त्यांची खाट गोठ्यात नेऊन टाकली. फोनवर मी विचारलं तर म्हणाले, "बरं हाय मास्तर. म्हसरं मास्क लावत न्हाईत, तवा त्यांचं तोंड तरी दिसतंय."

पण बरं नव्हतं. रोज दोन-तीन खबरा यायच्या आणि जाता येत नव्हतं. रस्त्यावर पोलीस, स्मशानात वीसच माणसं, पुढं तर दवाखान्यातूनच परस्पर नेत होते. आई सांगायची, तात्या उसाच्या बांधावरून सकाळपासून येरझाऱ्या घालतात आणि ज्यांच्या मातीला जायचं राहिलं त्यांची नावं पाढे म्हटल्यासारखी म्हणत असतात. जेवायला बसले तरी पाय हलत असायचा. सून म्हणे, यांना ताप नाही तरी चढल्यासारखा आहे.

अशात आण्णांना घेऊन गेले, सांगलीला. आईलाही लागण झालेली, ती घरात अडकून. मी एकुलता एक. सहाव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला फोन आला की गेले, तुम्ही येताय की आम्ही करून घेऊ. मी म्हणालो, करून घ्या. लोकांना मी सांगितलं की जिल्ह्याबाहेर जायचा पास मिळाला नाही. खरं असं आहे की मी पासाचा अर्जच केला नाही. घरात दोन लहान मुली होत्या हे खरं, पण मुलींचं नाव मी पुढं केलं. भ्यालो होतो मी.

आईनं तात्यांना दारातूनच सांगितलं. पंधरा मिनिटांत ते मोपेडवर. दुधाला पोलीस अडवत नव्हते, म्हणून हँडलला रिकामी किटली अडकवली आणि खिशात आण्णांची टोपी. संध्याकाळी मला त्यांचा फोन आला.

"मास्तर, माती चांगली झाली. मी हुतो. फाटकातनं आत सोडंनात, तिसऱ्या चौथऱ्यावं हायत म्हनाले, भायेरनं बघा. मी मागल्या अंगाला तारंच्या कुंपनाला जाऊन हुबारलो. तिथल्या गड्याकडं टोपी टाकली, बोटानं दावलं, त्यानं ती वर ठिवली. लाकडं नीट लावली हुती. समदं हुईस्तवर मी हाललो न्हाई."

मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. आईनं मात्र ते वाक्य धरून ठेवलं. कुणी फोन केला की ती रडायची आणि शेवटी म्हणायची, "पन भावजी हुते गं. बेवारशागत न्हाई गेले." घरात अडकलेल्या त्या पंधरा दिवसांत ती त्याच्यावरच जगली असं मी म्हणेन.

महिन्याभरानं मी गावी गेलो तेव्हा पहिली गोष्ट खटकली ती ही, की तात्या आमच्या दारावरून जात नव्हते. तिसऱ्या दिवशी जाऊन आण्णांची रक्षा त्यांनीच आणली होती, पण ती आमच्या दारापुढच्या पारावर ठेवून माणूस निघून गेला होता. मी शेतात गाठलं. मला बघून ते चार पावलं पुढं गेले, परत आले, पुन्हा गेले.

"मास्तर, माझ्याकडनं लय मोठी चूक झाली," ते म्हणाले. "रक्षा आनाय गेलो तवा त्यो गडी फाटकाकडनं मोजत तिसऱ्यापाशी गेला. मी म्हनलं, ह्यो न्हवं, त्यो पलीकडचा. तर म्हनला, आमी फाटकाकडनंच मोजतो. तिथं मागल्या अंगाला पान्याची टाकी हाय. मी टाकीकडनं मोजल्यालं."

मला कळेना.

"आरं, उसाची सरी कुठनं मोजायची? पान्याच्या तोंडाकडनं. जल्मभर तसंच मोजलं. टाकी दिसली आन मोजलं, येक, दोन, तीन. सात चौथरं हायत. माझा तिसरा त्यो त्यांचा पाचवा. आण्णा हिकडं जळत हुते आन मी दुसऱ्याच मानसाकडं बघत तीन तास हुबा. टोपी बी त्येलाच ग्येली."

उसाची पानं वाऱ्यानं सळसळत होती आणि मला त्या क्षणी एवढंच सुचलं की हे आईला कळता कामा नये. मी तसं म्हणालो. तिला कशाला सांगायचं, तिचं मन शांत आहे, राहू दे.

"मातीचं खोटं बोलू न्हाई," तात्या म्हणाले.

"तुम्ही खोटं बोललाच नाही. चुकलं तेव्हा माहीत नव्हतं."

"तवा न्हवतं. आता हाय न्हवं? त्या रोज म्हनत्यात भावजी हुते, भावजी हुते. त्ये माझ्या कानावं येतंय. जेवन जात न्हाई मला. तू सांग, न्हाईतर मी सांगतो."

मी म्हणालो, सांगतो. चार दिवस सांगितलं नाही. घरात फिरत राहिलो, कपाटं आवरली, आण्णांचा चष्मा पुसून ठेवला, पुन्हा काढून पुसला. आई एकदोनदा म्हणाली, "बस की जरा येका जागी." पाचव्या दिवशी सकाळी तात्याच आले. मातीचा सदरा घालून आले, त्यावरूनच मला कळलं.

आई सोप्यात शेंगा फोडत होती. तात्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं, टाकी, फाटक, सात चौथरे, टोपी. आईचे हात थांबले. मला वाटलं ही आता कोसळणार. मी पुढं झालो, तर तिनं हातानंच मला मागं सारलं.

"मधी किती चौथरं हुतं, भावजी?"

"येकच, वैनी. चौथा."

"मंग लांब न्हवता तुमी." तिनं मांडीवरची टरफलं झटकली. "आन त्यो पाचव्यावचा कोन हुता?"

तात्यांनी पुन्हा सांगलीला जाऊन त्या गड्याला विचारून ठेवलं होतं. शिराळ्याच्या बाजूचा माणूस, आण्णांच्याच वयाचा. त्याच्या मागं कुणीही आलेलं नव्हतं, रक्षा न्यायलासुद्धा दहा दिवसांनी आले.

"मंग त्यांच्या घरी सांगून या," आई म्हणाली. "त्यास्नी ठावंच नसंल की कोन तरी हुतं म्हनून." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुला ठावं हुतं?"

मी मान हलवली.

"आन तू गप बसलास." एवढंच बोलून तिनं पुढची शेंग उचलली. ते मला अजून लागतं. पासाचा अर्जच केला नाही हे तिला त्याआधीच ठाऊक होतं, हे मला पुढं कळलं. त्यावर ती कधीच काही बोलली नाही.

मी गाडी काढली. शिराळ्याच्या पुढचं एक लहान गाव, विचारत विचारत घर सापडलं. एक बाई दारात आली, मागं तिचा मुलगा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. तात्यांनी टोपी सारखी केली.

"आक्का, आमी इस्लामपूरकडचं. तुमच्या मालकांच्या मातीला मी हुतो."

बाईनं घोंगडं अंथरलं. मुलाचा चेहरा पांढरा पडला. तात्या बसले आणि सांगू लागले. चूक लपवली नाही, मी दुसऱ्यासाठी आलो होतो हेही सांगितलं. लाकडं कशी होती, किती वाजता पेटवलं, टोपी कशी ठेवली. बाईनं मध्येच विचारलं, "ऊन लागत हुतं का वं त्यास्नी?"

"न्हाई आक्का. वर पत्रा हुता. गार सावली हुती."

तेव्हा ती रडली. आमच्याकडच्या बायका माती झाल्यावर जो हेल काढून रडतात, तशी. मुलगा म्हणाला, आई इतक्या दिवसांत रडलीच नव्हती. तो मुंबईला एका कंपनीत होता. तोही आला नव्हता. मी म्हणालो, तिसऱ्यावर माझे वडील होते, मीही नव्हतो. तात्या उठले आणि म्हणाले, "बसा दोघं. मी गोठा बघून येतो." त्यांना त्या गोठ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

परतताना गाडीत मात्र तात्यांचा पाय हलायचा थांबला होता. इस्लामपूर येईपर्यंत ते झोपून गेले.

निर्बंध उठल्यावर त्यांनी राहिलेली सगळी घरं केली. रोज एकदोन. काही ठिकाणी लोकांनी चहा दिला, एका घरानं दारातूनच घालवलं, की तेव्हा कुठं होता? तात्या म्हणाले, "बराबर हाय त्यांचं." आणि पुढच्या घराला गेले. ज्या न्हाव्यानं दाढी केली नव्हती, त्याचा चुलता वारला होता, त्या घरीही गेले.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तात्या गेले. साधं दुखणं, दोन दिवसांचं. फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. फळ्यावरचं अर्धं गणित तसंच सोडून निघालो, आणि पाचवड फाट्यापर्यंत आल्यावर लक्षात आलं की खडू हातातच आहे. माती एवढी मोठी की रस्ता पुरेना. ओसरीतला तो सदरा सुनेनं त्यांच्याच अंगात घातला होता. गाठ कुठं मारायची यावरून चौघंजण भांडत होते आणि मिटवणारा माणूस तिरडीवर होता.

उचलायची वेळ झाली तेव्हा पुढच्या बाजूला माझ्या शेजारी एक जण येऊन उभा राहिला. शिराळ्याकडचा तो मुलगा. त्याला कुणी कळवलं हे मी विचारलं नाही. त्यानं डावा खांदा दिला, मी उजवा. वाटेत दोघंतिघं म्हणाले, मास्तर, द्या आता आमच्याकडं. मी दिला नाही. त्यानंही दिला नाही. आण्णांना मी एक पाऊलसुद्धा नेलं नव्हतं.

साताऱ्याला आल्यावर खांदा चार दिवस ठणकत होता. बायको म्हणाली, बाम चोळून देते. मी म्हणालो, नको. दुखू दे.