चार रकाने

भिजवलेल्या झेंडूचा वास फिनेलच्या वासात मिसळला, की माझे हात आजही आपोआप छातीसमोर येतात. न दिसणारे तबक धरावे तसे.

वारूळवाडीच्या पुढे, एका खासगी मानसोपचार रुग्णालयात मी परिचारिका होते. त्या दुपारी नव्या दालनाचे उद्घाटन होते. स्त्रियांच्या वॉर्डात बावीस रुग्ण आणि मी एकटी. सलग दुसरी पाळी. तरीही मोठ्या डॉक्टरांनी मला अंगणात बोलावून घेतले. पाहुण्यांच्या सत्काराचे तबक धरायला बाई हवी होती.

"सर, वॉर्डात कुणी नाही," मी म्हणाले.

"तबक सरळ धर."

मग पाहुण्यांकडे वळून, माझ्या खांद्यावर थाप मारीत ते म्हणाले, "ही आमची डोंगरातली. चौघींचं काम एकटी वढती, राव. दमणं ह्यांच्या रक्तातच नाय."

पाहुणे हसले. मीही हसले. आंबेगावच्या पश्चिमेला, भाताच्या खाचरात दिवसभर वाकलेल्या माझ्या आईला संध्याकाळी पाठ सरळ करता येत नाही. हे मला ठाऊक होते. तरी हसले.

तेवढ्यात वॉर्डाच्या खिडकीतून हाक आली. शैलाची. पिंपरी पेंढारची ही मुलगी जिवाचे बरेवाईट करील, या भीतीने दाखल केलेली. दर पंधरा मिनिटांनी तिला पाहायचे आणि तक्त्यात नोंद करायची, असा नियम. हाक पुन्हा आली. मी आवाज ओळखला. पण माझ्या आत काहीच हलले नाही. कित्येक महिने हाका माझ्या कानापर्यंत यायच्या आणि तिथेच विझायच्या. भाषणे चालू होती. नारळ घरंगळू नये म्हणून मी तबक अधिक घट्ट धरले.

तासाने वॉर्डात गेले. शैला जमिनीवर निपचित होती. श्वास तेवढा होता. तिला पुण्याला हलवले.

तक्ता मात्र पूर्ण भरलेला होता. दुपारचे रकाने मी सकाळीच भरून ठेवले होते. आम्ही सगळ्याच तसे करायचो. एकटीला दिवस पुरत नसे. तीन, सव्वातीन, साडेतीन, पावणेचार. चारही ठिकाणी "रुग्ण शांत." माझे गोल, देखणे अक्षर.

तक्ता पाहून डॉक्टरांचा चेहरा सैलावला.

"कागद साफ हाये. खाली सही कर अन् घरी जाऊन झोप. तुला कोण काय इचारत न्हाई."

माझ्या खोटेपणावर त्यांचे रुग्णालय उभे होते, हे मला तेव्हा दिसले. माझी थकवा गिळायची सवयच त्यांची भिंत होती.

मी चारही रकान्यांवर रेघ मारली. शेजारी लिहिले: "या नोंदी आधीच भरलेल्या व खोट्या आहेत. या वेळी मी डॉक्टरांच्या आदेशाने अंगणात तबक धरून उभी होते. वॉर्डात कोणीही नव्हते. रुग्णाची हाक ऐकली. गेले नाही." मग सही केली.

"येडी झाली का? नोकरी जाईल. नर्सिंगचा परवाना जाईल."

"जाऊ द्या."

नोकरी त्याच दिवशी गेली. परवान्याची चौकशी चालू आहे. प्रत्येक तारखेला मी जाते आणि जाणार आहे. त्यांच्या अपराधाआड माझा लपवणार नाही, माझ्याआड त्यांचा लपू देणार नाही. शैला जगली, पण त्या दुपारनंतर ती कुणाशी बोललेली नाही. काय ऐकलेत, असे चौकशीत विचारतील तितक्या वेळा, मान खाली न घालता, त्या हाकेतला तिचा शेवटचा शब्द मी उच्चारीन. तो तिने मला उद्देशून म्हटला होता.

"सिस्टर."