विमानाआधीच्या तीन हाका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. देवाला आपोआप कळत असेल तर ते त्याचं तो जाणे! पण आता सांगायला बसलोच आहे, तर चाचरत सांगणार नाही. उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली. बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

तर — रनाळ्यात आमचं घर. पत्र्याचं होतं तेव्हापासून राहतोय, आता स्लॅब आहे. लष्कराचा विमानतळ तसा लांब, पण सरावाच्या विमानांची वाट नेमकी आमच्या गल्लीवरून. येताना कळतच नाही, डोक्यावर आलं की कळतं. मांडणीतल्या ताटल्या थरथरतात, म्हैस पान्हा चोरते, भिंतीला तडा जातो. म्हणून गल्लीत एक रीतच पडली आहे. विमान आलं की बोलणारा हात वर करून थांबतो, आणि ते गेलं की अडलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू. भांडणंसुद्धा तशीच. एका लग्नात तर मंगलाष्टकंही तशीच झाली.

आणि गल्लीत काहीही बिघडलं की दोष विमानाचा. दही लागलं नाही — विमान. पोरगं नापास झालं — विमान. हसताय? मीही हसायचो. पण हीच सवय एके दिवशी माझ्या कामाला आली.

आमच्या भिंतीला भिंत लागून सुमनवहिनी राहते. माझ्या दोस्ताची बायको. तो गेल्यापासून एकटीच असते. जिभेने तिखट, मनाने साखर. तिच्या मोरीचं पाणी माझ्या दारात यायचं, त्यावरून आमची कायम खडाजंगी. त्या दिवशी सकाळीही झाली. चार बायकांसमोर ती म्हणाली, "नाना, जलमभर घंटीच वाजाडी तू, दुसरं काय कयं?" बायका फिदीफिदी हसल्या. मला ते झोंबलं. खोटं कशाला बोलू? फार झोंबलं.

दिवस मिरचीचे होते. जेवणं उरकून वहिनी सोडून सगळ्या बायका पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर गेल्या, लाल मिरचीचे देठ खुडायला. माझी बायकोही गेली. गल्ली ओस. मी ओट्यावर खाटेत पेपर वाचत पडलो होतो. पलीकडे धप्पकन आवाज झाला. मग हाक आली — "नाना!"

मला वाटलं, हिचं भांडण अजून संपलं नाही. बरं, पहिल्या हाकेला तसं वाटलं, हे खरं आहे. पण दुसरी? "ओ नाना... मी पडनू रे भो." आणि तिसरीला तर नुसतंच "नाना", तेही अर्धं.

अहो, कंडक्टरचे कान आहेत हे! खच्चून भरलेल्या गाडीत मागच्या दारातून मला कळायचं, कुणाला उतरायचंय आणि कुणाचा जीव घाबरलाय. मला कळलं नसेल? सगळं कळलं. मी पेपरचं पान उलटलं. म्हटलं, बस आता घंटी वाजवत.

त्यानंतर विमान आलं. लक्षात घ्या — त्यानंतर. ते गेल्यावर पलीकडे काहीच ऐकू येईना, आणि मला बरं वाटलं. मी सदरा चढवला, मागच्या दाराने निघालो आणि चौकात जाऊन चहा प्यायलो. दोन कप.

दिवस कलताना बायका परतल्या, तेव्हा ती मोरीपाशी पडलेली सापडली. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ कोरडे पडलेले. बायकोने मला विचारलं, "तुम्ही घरीच होता ना?" मी म्हणालो, "विमान होतं डोक्यावर. काय ऐकू येणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. विमानाचं नाव घेतल्यावर आमच्याकडे पुढे कोण विचारतो? बाजेवर घालून नेताना वहिनीच उलट म्हणाली, "त्यानी काय चूक शे? इमानना आवाजमा कसं ऐकू येई?"

पुढे गावाने आवाजाविरुद्ध अर्ज केला. अक्षर चांगलं म्हणून लिहायला मी. पहिलाच मुद्दा वहिनीचा — विमानाच्या आवाजामुळे शेजाऱ्यास हाक ऐकू आली नाही. माझ्या हाताने, झोकदार अक्षरात लिहिलं. तिने खाली सही केली. त्या विमानांनी आमचं पुष्कळ वाटोळं केलंय, छाती ठोकून सांगतो. पण हे त्यांनी केलेलं नाही. हे मी केलं.

वहिनी आता काठीशिवाय चालत नाही. आमच्या सामाईक भिंतीवर तिने एक पितळी थाळी टांगून घेतली आहे, विमानाच्या आवाजातही मला ऐकू जावी म्हणून. ती वाजली की मी धावतो. शेजारी असावा तर नानासारखा, असं गल्ली म्हणते. मी ऐकून घेतो. लाज वाटते, तरी ऐकून घेतो.

गेल्या आठवड्यात तिच्या ओट्यावर बसलो होतो. ती लसूण सोलत होती. म्हटलं, आज सांगून टाकायचं. तोंड उघडलं, "वहिनी, तू पडनी ना, त्या दिवशी मी —" आणि विमान आलं. मी रीतीप्रमाणे हात वर केला. तिनेही लसूण खाली ठेवला.

विमान गेलं. अडलेल्या शब्दापासून सुरू करायचं, एवढंच होतं.

"बोल ना नाना," ती म्हणाली, "काय सांगी ऱ्हायना व्हता?"

मी हात खाली घेतला. म्हणालो, "काही नही. चहा लेशी का, इचारी ऱ्हायनू."