सोवळी वीज

गिरणीतून पडणारं पीठ काकू चिमटीत धरायच्या, अंगठ्यानं चोळायच्या आणि म्हणायच्या, "झकास!" पीठ कसंही पडो, शब्द हाच. घाटकोपरला आमच्या चाळीखाली त्यांची पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यावर या मालवणच्या बाईनं ती एकटीनं चालवली. आम्ही त्यांना गिरणीवाल्या काकू म्हणायचो.

मी तेव्हा नवी सून. आमच्या सासूबाई म्हणजे चाळीतलं सोवळ्याचं हायकोर्ट. मोदकांची पिठी गिरणीत दळायला त्यांनी परवानगी दिली होती. का, तर वीज होते घाटातल्या धरणांच्या पाण्यावर, आणि पाण्याला विटाळ नसतो. आता बोला!

त्या वर्षी पाऊस लांबला, धरणं तळाला गेली आणि विजेची कपात सुरू झाली. गिरणी निम्मे दिवस बंद. घरमालकानं काकूंना बजावलं, गणपतीपर्यंत धड चालली तर ठीक, नाहीतर गाळा खाली करा.

तेवढ्यात तुर्भ्याला कोळशावरचं नवं वीजकेंद्र सुरू झालं. कपात गेली. काकूंनी गिरणीला तोरण बांधलं. आणि सासूबाईंनी निकाल दिला, कोळशाची वीज ओवळी, पिठी काळी पडेल. झालं! गणपती तोंडावर आणि गिरणीपुढे चिटपाखरू नाही. माझा नुसता जळफळाट होत होता, पण नवी सून बोलते कुणाला?

एका सकाळी काकू पदराला हात पुसत थेट आमच्या घरात आल्या. भांडण होणार म्हणून मी दार लोटून घेतलं. देव्हाऱ्यात सासूबाईंनी हौसेनं लावलेला लाल बल्ब जळत होता. काकूंनी तिकडे बोट केलं.

"वयनी, हो दिवो खंयच्या विजेचो?"

सासूबाई वाती वळत राहिल्या.

"इतके दिवस तुमचो देव कोळशाच्याच उजेडात बसलो हा. काळो पडलो काय?"

सासूबाईंनी बल्बकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं. मग उठून तांदळाचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "जा, दळून आण. बारीक."

दुपारपर्यंत रांग रस्त्यावर गेली. रांगेत घरमालकाच्या बायकोचाही डबा होता. मला तर पेढे वाटावेसे वाटले. गाळा राहिला तो राहिलाच.

पुढे बऱ्याच वर्षांनी काकू गेल्या, गिरणी बंद झाली. त्या गणपतीला मी पिठी दुसरीकडून दळून आणली. सासूबाईंनी ती चिमटीत धरली, अंगठ्यानं चोळली.

"पांढरी आहे," त्या म्हणाल्या. "पण झकास नाही."