दोन लेन्स आणि मामाजींची मिशी

तुम्ही हसणार, हे मला आधीच माहीत आहे. पण चहा सांगितलाच आहे तर माझी ही फजितीही ऐकूनच घ्या. बाहेर मात्र कुणाला सांगू नका. दिग्रसमध्ये बारा वर्षांपासून माझा फोटो स्टुडिओ आहे हो!

झालं असं, की मला एक नवी लेन्स घ्यायची होती. एकच. आता एक लेन्स घ्यायला माणसाला किती वेळ लागावा? मला दोन महिने लागले.

पंच्याऐंशी मिलिमीटरची घ्यावी की एकशे पस्तीसची? पंच्याऐंशीने चेहरा फार सुंदर येतो म्हणे. एकशे पस्तीसने मैदानाच्या पलीकडचा खेळाडू जवळ येतो म्हणे. आणि मला तर दोन्ही करायचं! लग्नाच्या पोरींचे फोटोही माझ्याकडे, कबड्डीचे सामनेही माझ्याकडे. बरं, या लेन्समध्ये फिरवून जवळ-दूर काही करता येत नाही. तिच्या जागी आपणच पुढे-मागे पळायचं. मोबाइलवर एक जण सांगतो, पंच्याऐंशी नसेल तर तो फोटोग्राफरच नाही. दुसरा सांगतो, एकशे पस्तीस घेतली नाही तर जन्मभर पस्तावाल. मी दोघांचंही ऐकायचो आणि दोघांचंही पटायचं!

शेवटी यवतमाळचा माझा मित्र मन्सूर वैतागला. त्याच्याकडे दोन्ही होत्या. "दोन्ही घिऊन जाय. आठ दिवस वापर. एक ठेव, तिचे पैसे दे, एक वापस आन. पन मले आता फोन नोको करू!"

नेमकं त्याच आठवड्यात ढाणकीला कबड्डीचे सामने होते आणि उद्घाटक कोण? माझे सासरे! आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. चांगली कापूस-तुरीची शेती आहे, गावात मान आहे. फक्त जावयाला मान नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी दर दिवाळीला विचारतात, "जवाईबुवा, फोटोचं ठीक हाय, पन काम काय करता?" मनाला फार लागायचं ते. म्हटलं, आता दाखवतोच यांना काम काय असतं ते!

मामाजींनी नारळ फोडला, पांढरं धोतर आणि गुलाबी फेटा सावरत पहिल्या रांगेत बसले. मी पलीकडून एकशे पस्तीस लावली. एका पोराने चढाईत अशी उडी मारली, की काय सांगू! खटकन फोटो. पोरगा हवेत, त्याच्या मागे बरोबर मामाजी. मंडळाच्या अध्यक्षांनी कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, "जमलं! उद्या गेटवर याचाच फ्लेक्स."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर दहा फुटांचा फ्लेक्स लागला. पोराच्या कपाळावरचा घाम मोजून घ्यावा इतका स्पष्ट! आणि त्याच्या मागे एक पांढरा गोळा, वर गुलाबी ठिपका. खाली ठळक अक्षरात, 'उद्घाटक' आणि मामाजींचं पूर्ण नाव.

लोक जमले.

"हे पांढरं काय होय बे?"

"कापसाचं गाठोडं असन."

"मंग गाठोड्याच्या हातानं उद्घाटन केलं काय?"

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, मांगचं सारं असं काहून दिसून राह्यलं?"

मी म्हणालो, "यालेच त कला म्हनतात!" मागचं धूसर व्हावं म्हणून जग या लेन्सवर जीव टाकतं, हेही त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "कला ठीक हाय. पन उद्घाटक कुठी हाय?"

तेवढ्यात मामाजी आले. फ्लेक्ससमोर उभे राहिले. खालचं नाव वाचलं, वरचा गोळा पाहिला. मग वळून माझ्याकडे पाहिलं.

मी घाईघाईने म्हटलं, "मामाजी, चूक लेन्सची हाय! दुसरी हाय माह्याजोळ. जवळून काढतो, एकदम फस्ट क्लास." त्यांना तिथेच खुर्चीवर बसवलं, पंच्याऐंशी लावली, अगदी जवळ गेलो आणि काढला फोटो. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. मिशी! मिशीचा एकेक केस वेगळा दिसत होता. पण डोळे धुक्यात, कान तर नव्हतेच. कॅमेऱ्याने नेम नेमका मिशीवर धरला होता.

मामाजी वाकून बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "मिशी त माहीच हाय. बाकी मानूस कोन होय?"

मी मोबाइल काढला. म्हटलं, मधली एखादी शंभरची लेन्स मिळते का, मन्सूरलाच फोन लावतो. बायको सुनंदा शेजारी तोंडावर पदर धरून हसत होती. तिची मदत होण्यासारखी नव्हतीच.

मामाजींनी तो फोटो पुन्हा पाहिला, डोळे बारीक केले आणि मला म्हणाले, "जवाईबुवा, एक इचारू काय? मले काई धड दिसलं नाई, का मी असे डोये बारीक करतो. मंग जरा बरं दिसते. तुमच्या कॅमेऱ्याले डोये बारीक करता येत नाईत काय?"

अहो, येतात ना! लेन्सच्या आत एक भोक असतं. ते लहान केलं की जवळचं, दूरचं सगळं स्पष्ट येतं. प्रत्येक लेन्सला येतं ते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवतो! दोन महिने लेन्स निवडत बसलो आणि त्या नादात मी स्वतः दोन्ही लेन्सचे डोळे सताड उघडे ठेवून फिरत होतो.

मामाजींना पुन्हा पहिल्या रांगेत बसवलं, गुपचूप भोक लहान केलं. फोटो काढला. मिशी, डोळे, फेटा, मागे बसलेले सरपंच, सगळे जागच्या जागी. दुपारी नवा फ्लेक्स लागला. मामाजी म्हणाले, "हे काम झालं." नऊ वर्षांनी ऐकलं हो मी हे!

बसमध्ये बसल्यावर सुनंदाने विचारलं, "मंग? दोन्हीतली कोनती ठेवता?"

मी दोन्ही लेन्स मांडीवर घेतल्या, एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "लाव फोन. तुह्या बाबाले इचार."