गयाबाईंचं बोट

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. निवृत्तीच्या कार्यक्रमात लोकांनी माझं कौतुक केलं, तेव्हा सांगता आली असती. संस्थेच्या अंकासाठी आठवण मागितली, तेव्हाही सांगता आली असती. मी शाळेसाठी सोलर हीटर कसा मिळवला ते लिहून दिलं.

नव्या वसतिगृहाच्या उद्घाटनाचा दिवस होता. देणगीदार शेठ यायला थोडा वेळ होता, मांडवात माईकची टेस्टिंग चालू होती, आणि गयाबाई देणगीदारांच्या नावांच्या फलकापुढं उभ्या होत्या. नवं लुगडं, डोक्यावर पदर. त्यांनी मला विचारलं, "साहेब, माझी कमल कुठंय?"

कमल फलकावर नव्हती. ते फक्त मला, अध्यक्षांना आणि शेठच्या माणसाला माहीत होतं.

आमची अंध मुलींची निवासी शाळा पडेगावला आहे. मी तिथं देणग्यांचं काम बघायचो. देणगीदार शोधायचे, टिकवायचे आणि त्यांचा मान राखायचा. या शेवटच्या कामाला आमच्यात रेकग्निशन म्हणतात. म्हणजे कोणाचं नाव कुठं लावायचं, केवढ्या अक्षरात, कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली. बाहेरच्यांना हे काम किरकोळ वाटतं. आमची निम्मी भांडणं याच्यावर व्हायची.

नव्या वसतिगृहाला दोन मोठे देणगीदार होते. इमारत चिकलठाण्याच्या एका कारखान्याच्या शेठनी बांधून दिली. जमीन गयाबाईंनी दिली. पडेगावच्याच त्या. नवरा गेलेला, शाळेच्या कुंपणाला लागून वावर. प्लॉटिंगवाले त्यांच्या दारात रोज बसलेले असायचे. त्यांना हाकलून त्यांनी बक्षीसपत्रावर अंगठा दिला. बक्षीसपत्र म्हणजे मोबदला न घेता मालमत्ता देऊन टाकल्याचा नोंदणीकृत कागद.

त्यांनी मागितलं एवढंच. "माझं नाव नको. कमलचं टाका. आन् पोरींना कळंल आशा अक्षरात टाका."

कमल त्यांची मुलगी. जन्मापासून अंध. त्या काळी पडेगावात कोणाला अशी शाळा असते हेच ठाऊक नव्हतं. ओट्यावर बसून ती शेंगा निवडायची आणि रस्त्यावरून जाणारी गाडी कोणाची ते आवाजावरून सांगायची. तरुणपणीच तापानं गेली. त्यांच्या अंगणात बसून मी शब्द दिला होता, "पहिलं नाव कमलचं."

ग्रॅनाइटच्या फलकाखाली पितळी पट्टी लावायची ठरली होती. तिच्यावर तीच नावं ब्रेलमध्ये, म्हणजे बोटानं वाचायच्या उठावाच्या ठिपक्यांत. दोन्ही नावांचा नमुना तयार होता. तो बघायला शेठचा माणूस आला.

"ही कमल कोण?"

"जमीन दिलेल्या बाईंची मुलगी."

"आमच्या करारात नेमिंग राइट्स आहेत, साहेब. दर्शनी भिंतीवर दुसरं नाव नाही."

नेमिंग राइट्स म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला नावाचा हक्क. करार मीच टाइप केला होता. मी अध्यक्षांकडं गेलो. आमचे अध्यक्ष डॉक्टर. भला माणूस, पण भांडण नको असायचं.

"बाईंचं आत कुठंतरी करू नंतर," ते म्हणाले. "आता तुम्ही सांभाळून घ्या."

मी सांभाळून घेतलं. ग्रॅनाइट बदलला, पट्टीही बदलली. दोन्हीवर फक्त शेठच्या वडिलांचं आणि कारखान्याचं नाव. मला वाटलं, ब्रेल वाचणार कोण?

हे वाक्य मी अंध मुलींच्या शाळेत बसून मनाशी म्हटलं. पण आमच्या कामात असं होतं. डोळसांना ब्रेल ही शोभेची वस्तू वाटते. फोटोत छान दिसते. शिवाय मुली बाजूच्या रॅम्पनं, कठडा धरून आत जायच्या. दर्शनी भिंतीला त्यांचा हात कधी लागत नसे. तिथं फक्त पाहुणे उभे राहायचे, फोटो काढायला.

तर गयाबाई विचारत होत्या, कमल कुठंय. फोटोग्राफर माझ्याकडं बघत होता. गेटवर शेठची गाडी वळली. मी गयाबाईंचा हात धरला, त्यांचं बोट पितळी पट्टीवर ठेवलं आणि म्हणालो, "ही बघा. ही कमल."

त्यांचं बोट ठिपक्यांवरून सरकत गेलं. मोहरी निवडल्यासारखं, हळू.

"येवढं लांब लिवत्यात व्हय? नाव तर येवढुसं."

"ब्रेलमध्ये लांबच होतं, मावशी."

त्यांनी बोट तिथंच ठेवलं. दुसऱ्या हातानं पदर तोंडाला लावला. मी शेठला आणायला धावलो.

त्यानंतर त्या अधूनमधून यायच्या. चप्पल पायरीखाली काढायच्या, भिंतीशी उभ्या राहायच्या, बोट फिरवायच्या. मी खिडकीतून बघायचो आणि मागच्या दारानं निघून जायचो. समोर आलोच तर त्या म्हणायच्या, "साहेब, लई केलं तुमी पोरीसाठी." कमलचं नाव आत लावायचं "नंतर" तसंच राहिलं. मी अध्यक्षांना आठवण केली नाही. केली असती तर गयाबाईंना कारण सांगावं लागलं असतं.

अशी काही वर्षं गेली. माझ्या निवृत्तीआधी भिंतीला रंग द्यायचं काढलं. रंगारी हाक मारायला लागला. "साहब, इधर पत्रा चिपकाएला है. खरडून टाकू का?"

पितळी पट्टीच्या खाली, मुलींचा हात पोचेल अशा उंचीवर, बोटभर लांबीचा एक पत्रा होता. कडा दुमडलेल्या. भिंतीच्या रंगात रंगून गेलेला, त्यामुळं आम्हा डोळसांना कोणालाच कधी दिसला नव्हता. फक्त ठिपक्यांवरचा रंग घासून गेला होता. खालचं ॲल्युमिनियम चकचकत होतं.

मी रेहाना मॅडमना बोलावलं. त्या आमच्या ब्रेलच्या शिक्षिका, स्वतः लहानपणापासून अंध. शाळेत माझी टर उडवायची हिंमत फक्त त्यांच्यात होती.

"मॅडम, हे काय आहे?"

"वाचा की सर. इतक्या वर्षांत एवढं पण नाही शिकलात?"

"मॅडम, प्लीज."

त्यांनी भिंतीला हातही लावला नाही. "क, म, ल. तीन अक्षरं, आठ ठिपके. तुमची पट्टी बघा केवढी लांब."

रंगारी ब्रश धरून उभा होता. मी त्याला चहाला पाठवलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी गयाखाला वर्गात आल्या. म्हणाल्या, बाई, जरा चला, वाचून दावा. मी वाचलं. शेठचे वडील, मग कारखाना, बस. मी दोनदा वाचलं, सर. वाटलं माझंच बोट चुकतंय."

"मग?"

"मग काय, खरं सांगितलं. मी म्हटलं, आत्ता जाऊन सरांना विचारते. तर माझा हात धरला. म्हणाल्या, नगं. नोकरीचा मानूस हाय त्यो, त्याला कोनी तरी सांगितलं आसंल."

मी वाकून पत्र्याच्या दुमडलेल्या कडा बघितल्या.

मग मॅडमनी सांगितलं. त्याच आठवड्यात मुलींनी कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापला. ब्रेलच्या पाटीत धरून टोचणीनं मागून टोचला, म्हणजे पुढं ठिपके उठतात. मुलींच्या बोटांना लागू नये म्हणून कडा दुमडल्या. चिकटवायला गयाबाई स्वतः होत्या. तेव्हापासून शाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला मोठ्या मुली आधी इथं आणतात. बोट ठेवायला लावतात. सांगतात, ही कमल, हिला शाळा मिळाली नव्हती, तिच्या जागेत आपण झोपतो.

मी उन्हात त्या भिंतीपुढं उभा राहिलो. इतक्या मोठ्या माणसांचे सत्कार मी केले, शाली आणल्या, मानपत्रं लिहिली. देणगीदाराचा असा मान मी कुठं बघितला नव्हता. तो माझ्या खिडकीसमोर रोज चालला होता आणि मला दिसला नव्हता. ज्या बाईंची मी फसवणूक केली, त्या मला संकोच वाटू नये म्हणून इतकी वर्षं माझे आभार मानत होत्या.

त्याच संध्याकाळी मी गयाबाईंकडं गेलो. वाटेत वाक्य तयार केलं. त्या ओट्यावर बसल्या होत्या.

"या साहेब. आज वाट चुकलात?"

"मावशी, मला जरा बोलायचंय."

"बोला की. आदुगर च्या घ्या."

चहा आला. मी कप धरला, तर बशी वाजायला लागली. त्या माझ्या हाताकडं बघत राहिल्या.

"त्या दिशीबी तुमचा हात आसाच थरथरत व्हता," त्या म्हणाल्या. "तवाच मला वाटलं, काय तरी निराळं हाय. मनून बाईला इचारलं." मग त्यांनी शेंगांचं सूप माझ्यापुढं सरकवलं. "घ्या, भाजलेल्या हायत. पोरी बऱ्या हायत ना समद्या?"

"बऱ्या आहेत," मी म्हणालो.

शेंगा खाल्ल्या. पावसापाण्याचं बोललो. गारखेड्याला घरी आलो.

पुढच्या हिवाळ्यात गयाबाई गेल्या. दर्शनी फलक अजून तसाच आहे, करारही. नव्या व्यवस्थापकांनी मला सल्ला विचारला, तेव्हा मी एवढंच सांगितलं, नाव कुठं लावायचं ते ठरवण्याआधी तिथं हात कोणाचा पोचतो ते बघा. त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्यांना ती तांत्रिक सूचना वाटली.

मी अजून महिन्यातून एखादी चक्कर मारतो. कोणी नाही असं बघून पत्र्यावर बोट ठेवतो. आता आठही ठिपके मला ओळखता येतात. रेहाना मॅडमनीच शिकवले. मग ते त्या संध्याकाळचं वाक्य मनात येतं. फार मोठं नाही. मावशी, त्या दिवशी मी तुमचं बोट धरून खोटं बोललो, मला माफ करा. ओट्यावर बसून, चहा निवायच्या आत सांगून झालं असतं.