महामार्गावर मागितलेला थांबा

ज्यांना प्रवासात “जिथे मन रमेल तिथे थांबू” असे म्हणायची सवय आहे, त्यांनी हा लेख इथेच सोडावा. मन कुठेही रमते; स्वच्छतागृह कुठेही नसते. आमच्या घरातले प्रवास मी आखते आणि ते आखल्याप्रमाणेच होतात. या शिस्तीला एकच अधिकृत अपवाद आहे. त्याचे नाव थांबा.

इरा लहान असताना दर शेळीपाशी गाडी थांबवायला लावत असे. तेव्हा मी ही पद्धत सुरू केली. प्रत्येक मुलाला एका सहलीत एकच थांबा. “थांबा” म्हटले की गाडी थांबलीच पाहिजे. दहा मिनिटे मिळतात. कारण कोणी विचारायचे नाही. न वापरलेला थांबा घराच्या फाटकाशी रद्द होतो आणि तो दुसऱ्याला देता येत नाही. मोठ्यांना थांबा नाही. ही गोष्ट माझ्या नवऱ्याला, श्रीरंगला, आजही अन्यायाची वाटते.

डिसेंबरच्या सुटीत बुलढाणा जिल्हा करायचे ठरले: नाशिकहून धुळे, जळगाव, मलकापूरमार्गे बुलढाणा, मग लोणार, आणि परतताना समृद्धी महामार्ग. निघायच्या आदल्या संध्याकाळी इराने जेवताना शांतपणे जाहीर केले की ही तिची आमच्यासोबतची शेवटची सहल. ती आता सोळा वर्षांची आहे. पुढच्या सुट्यांत मैत्रिणींबरोबर जाणार. “आणि माझा थांबा ओमला द्या. मला नकोय.”

“देता येत नाही,” मी म्हटले.

“मग वाया जाऊ दे.”

ओम नऊ वर्षांचा आहे. त्याने ताईकडे अशा नजरेने पाहिले, जणू तिने सोन्याची अंगठी गटारात टाकली होती. मी भाजी वाढत राहिले. पण खरे सांगायचे तर या सहलीतले माझे एकमेव उद्दिष्ट त्या क्षणी ठरले: इराने थांबा वापरला पाहिजे. आणि नियम माझाच असल्यामुळे मी तिला तसे म्हणूही शकत नव्हते.

नाशिक ते मलकापूर हा रस्ता चौपदरी, सरळ आणि विचारशून्य आहे. पहाटे निघा, धुळ्याच्या अलीकडे नाश्ता उरका. वाटेतल्या ढाब्यांवर “शुद्ध शाकाहारी” ही पाटी जितकी मोठी, तितकी शेवभाजी तेलकट, असे माझे निरीक्षण आहे. मलकापूरला उजवीकडे वळून मोताळ्याचा रस्ता धरला की एकदम कापूस सुरू होतो. शेतात थोडा, रस्त्यावर जास्त.

मोताळ्याच्या अलीकडे ओमने आपला थांबा उधळला. एका ट्रॉलीतल्या कापसाच्या ढिगावर एक मनुष्य हातपाय पसरून झोपला होता. त्याला उठताना पाहायचे, एवढीच चिरंजीवांची महत्त्वाकांक्षा. आम्ही उतरलो. ट्रॅक्टरवाला विडी पेटवत होता.

“काय पाहून राह्यला रे बाबू?”

“ते काका उठत का नाहीत?”

“तो? तो भाव वाढल्यावर उठते.”

दहा मिनिटे झाली. भाव वाढला नाही. ओम पूर्ण समाधानाने गाडीत बसला. इराने गाणी ऐकायची कानातली यंत्रे काढलीही नाहीत.

मोताळा ते बुलढाणा हा राजूरचा घाट. चढ सौम्य, वळणे देखणी, माकडे निर्लज्ज. माझ्या सूचनेवरून श्रीरंगने प्रत्येक वळणावर गाडी बैलगाडीच्या वेगाने नेली. खाली मोताळ्याचे सपाट शेत उन्हात पसरलेले होते. कोणत्याही संवेदनशील व्यक्तीने इथे थांबा मागितला असता. इराने जांभई दिली.

“तू तिला खेळवते आहेस,” श्रीरंग कुजबुजला.

“मी निसर्ग दाखवते आहे.”

बुलढाणा पठारावर आहे आणि डिसेंबरात चांगलेच गार असते. स्वेटर विसरू नका. रेल्वे नाही, म्हणून बसस्थानक हेच शहराचे काळीज, आणि त्याच्या आसपासच राहणे सोयीचे. आम्हाला चौघांसाठी एक मोठी खोली दोन हजारांच्या आत मिळाली. चादरी स्वच्छ होत्या. पडद्यांवर कोणीतरी मोर छापण्याचा प्रयत्न केला होता. सकाळी कोर्टाच्या रस्त्यावरच्या गाडीवर ओमने “चार बटाटेवडे” मागितले. गाडीवाल्या बाईंनी कढईतून मान वर केली.

“आलुबोंडे म्हन जी. बटाटेवडा तिकडं पुन्या-नाशकाकडं.”

“फरक काय?”

“खाऊन सांग.”

त्याने खाऊन सांगितले: वर गरम कढी ओततात, हा फरक. मी कढीला साडेआठ गुण दिले. दीड गुण स्टीलच्या वाटीच्या चिकट कडेमुळे गेला.

चिखली, मेहकर करत दुपारी लोणारला पोहोचलो. रस्ता बरा आहे. मेहकरच्या पुढे काही पट्टे असे आहेत की रस्त्यात खड्डे नसून खड्ड्यांमध्ये मधूनमधून रस्ता ठेवलेला आहे. उल्का पडून झालेल्या त्या प्रचंड विवरावर लिहिणारे सगळे “शब्द अपुरे पडतात” असे लिहितात आणि मग बाराशे शब्द लिहितात. मी एवढेच सांगते: काठावरून संध्याकाळ बघा आणि खाली सकाळीच उतरा. बुटांना पकड हवी, पाणी सोबत हवे. खाली देवळे आहेत, झाडी दाट आहे, तळ्याकाठी वास येतो. हा वास शास्त्रीय आहे; नाक धरणाऱ्या पर्यटकांना तसे समजावून उपयोग नाही.

विवराच्या काठावर सूर्य बुडत असताना मी इराच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आम्ही आधीच थांबलेलो होतो, म्हणून थांबा लागू नव्हता. माझ्या नियोजनातली ही चूक मला तिथे उमगली. सगळ्या सुंदर जागा मीच आधी आखून ठेवल्या होत्या. मुलीसाठी काही शिल्लकच नव्हते.

“छान आहे,” ती म्हणाली. सभ्य पाहुणीसारखी.

तिसऱ्या दिवशी मेहकरहून समृद्धी महामार्गावर चढलो. चढण्यापूर्वी टायरमधली हवा तपासा, इंधन भरून घ्या, आणि गाडी कडेला उभी करू नका. तिथे थांबायला सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे. गुळगुळीत काँक्रीट, दोन्ही बाजूंना कुंपण, माणूस दिसत नाही. दुसरबीडची पाटी मागे गेली. आता थेट नाशिक. मी मनातल्या मनात पराभव मान्य करत होते, तोच मागून आवाज आला.

“थांबा.”

श्रीरंगचा पाय सवयीने ब्रेककडे गेला. “नाही!” मी ओरडले. “इथे नाही थांबता येत.”

“ताईचा थांबा वाया!” ओम किंचाळला.

आरशात इरा दिसली. तिने कानातली यंत्रे काढून हातात धरली होती. ती चिडलेली नव्हती. “असू दे,” ती म्हणाली. “मला वाटलंच होतं.”

त्या “वाटलंच होतं”ने मला जे झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. नियम म्हणतो, गाडी थांबलीच पाहिजे. कायदा म्हणतो, थांबता कामा नये. दोन्ही मला मान्य. “सिंदखेड राजाला उतर,” मी श्रीरंगला सांगितले. “जुन्या रस्त्याने मागे यायचं. महामार्गाखालून त्याच जागेपाशी.”

“अगं, पण नाशिकला पोहोचायला…”

“उतर.”

(टोल अंतराप्रमाणे कापला जातो, उतरून पुन्हा चढल्याने फार नुकसान होत नाही.)

जागा सापडायला तासाभराहून जास्त वेळ लागला. जुना रस्ता, मग मातीची वाट, दोनदा चुकीचा बोगदा, एकदा उसात. शेवटी महामार्गाच्या भरावाखाली एक हिरव्या जाळीचे शेडनेट आले. “इथेच,” इरा म्हणाली. आम्ही उतरलो आणि नियमाप्रमाणे गप्प उभे राहिलो. आत बायका मिरचीच्या फुलांना हाताने परागकण लावत होत्या. इकडे बियाणे असे तयार करतात. त्यांतली एक, डोक्याला रुमाल बांधलेली, बाहेर आली.

“काऊन हो? आनखी जमीन पाह्यजे काय रोडाले?”

“नाही, नाही,” श्रीरंग घाईघाईने म्हणाला. “आम्ही फक्त थांबलोय.”

“इथं? इथं तं कुत्रंबी थांबत नाही.” मग त्या मावशी थेट इराकडे वळल्या. “काय पाहून राह्यली वं पोरी?”

हा प्रश्न विचारायची आम्हाला बंदी होती, मावशींना नव्हती.

“काही नाही मावशी,” इरा म्हणाली. “वर रस्त्यावर थांबता येत नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच म्हटलं, थांबा.”

“अन् काऊन?”

“हे थांबले नसते तर बरं झालं असतं. मग यांच्यासोबत पुन्हा यायचा प्रश्नच नव्हता.”

मावशींनी आमच्या धुळीने माखलेल्या गाडीकडे पाहिले. बंपरला उसाचे पाचट लटकत होते. मग माझ्याकडे. मग पुन्हा इराकडे.

“म्हंजे फसली तू.”

“हो ना,” इरा म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. “पक्की फसले.”

“नियम मोडला! ताईने कारण सांगितलं!” ओम नाचू लागला. विचारणारे आपण नव्हतो, असा निकाल मी दिला. आवाज जरा बसलेला होता. धूळ फार होती. मावशींनी उकडलेल्या तुरीच्या शेंगा ओंजळभर आणून दिल्या. मीठ कमी होते. ते मी सांगितले नाही. दहाची पंचवीस मिनिटे झाली, तेही कोणी सांगितले नाही.

नाशिकला पोहोचलो तेव्हा घराजवळची सगळी दुकाने बंद झाली होती. आखणीच्या दृष्टीने ही माझी सर्वांत वाईट सहल. तुम्ही जाल तेव्हा राजूरचा घाट, कढी आणि विवर चुकवू नका. शेडनेट शोधायला जाऊ नका, तिथे पाहण्यासारखे काही नाही. मला मात्र लोणारच्या काठावरची संध्याकाळ आता मुद्दाम आठवावी लागते. तो मातीचा रस्ता झोपेतही दिसतो.

फेब्रुवारीत इरा ठरल्याप्रमाणे मैत्रिणींबरोबर दोन दिवस जाऊन आली. जाण्याचा तिचा हक्क होता आणि मी एकही सूचना केली नाही. फक्त तीन केल्या. परत आल्यावर तिने बॅग दारातच टाकली.

“कशी झाली सहल?” मी विचारले.

“मजा आली. पण आई, त्या कुठेही थांबतात. कितीही वेळा. कोणीही थांब म्हणतं आणि लगेच थांबतात.” तिने तिरस्काराने नाक मुरडले. “काही अर्थच राहत नाही त्याला.”

“मग उन्हाळ्यात?” ओमने आतून विचारले.

“मी पुढे बसणार,” इरा म्हणाली आणि आंघोळीला गेली.