वहिनींचा थेंब

हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री आहे आणि लाँड्रीत वहिनी आहेत. कोणाच्या वहिनी, असं विचारायची सोय नाही, कारण त्या सगळ्यांच्याच. त्यांचे यजमान पूर्वी ह्याच तळघरात बॉयलर सांभाळायचे. त्यांना सगळे दादा म्हणायचे, म्हणून दादांची बायको ती वहिनी, एवढा सरळ हिशोब. दादा रिटायर होऊन घरी खुर्चीला चिकटले, वहिनी मात्र राहिल्या. ज्यांच्यासमोर अख्खा वॉर्ड श्वास रोखून उभा राहतो ते मोठे डॉक्टरसुद्धा जिन्यात भेटले की "काय वहिनी, बरं आहे ना?" असं विचारतात. वहिनी त्यांच्या कोटाच्या कॉलरकडे एक नजर टाकतात आणि म्हणतात, "माझं बरं आहे. हा कोट तेवढा उद्या खाली पाठवा."

वरच्या मजल्यांवरून चादरी खाली येतात त्या एका पत्र्याच्या नळकांड्यातून. धप्प आवाज होतो आणि कोणाचं तरी दुखणं गाठोडं होऊन समोर पडतं. वहिनी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे चढवतात, गाठोडं सोडतात आणि डागांप्रमाणे ढीग लावतात. औषधांचे वेगळे, मलमांचे वेगळे, रक्ताचे वेगळे. रक्ताच्या चादरी आधी थंड पाण्यात. गरम पाणी दाखवलं की डाग कायमचा बसला म्हणून समजा. हे त्यांना नव्या होत्या तेव्हा एका म्हाताऱ्या धुणेवालीने शिकवलं होतं.

त्या म्हातारीने आणखीही एक गोष्ट सांगितली होती. वहिनींची मुलगी ह्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर जन्मली. मुलगी हाती लागली, पण आई हातची जायची वेळ आली. रक्त काही केल्या थांबेना. दादा बॉयलर सोडून व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे. मग रक्तपेढीतून पिशव्या आल्या आणि वहिनी वाचल्या. पुढे त्या कामावर परत आल्या तेव्हा म्हातारी म्हणाली, "तुझ्या चादरी मीच धुतल्या गं. पाणी बदलून बदलून हात भरून आले माझे. तेवढं सगळं तुझ्या अंगातून गेलं होतं, आणि कोणीतरी परत भरलं." कोणी भरलं ते कळायला मार्ग नव्हता. रक्तपेढी नाव सांगत नाही. पण तेव्हापासून वहिनींच्या मनाने घेतलं, की आपणही एकदा तसंच, कोणासाठी ते न विचारता, रक्त द्यायचं.

आणि नेमकं तेच जमेना.

रक्त घेण्याआधी बोटाला टोचून एक थेंब काढतात आणि निळ्या औषधी पाण्याच्या ग्लासात सोडतात. थेंब तळाला गेला तर रक्तात जोर आहे, घेता येतं. वर राहिला तर उठा आणि घरी जा. वहिनींचा थेंब दरवेळी वर. पोहायला शिकून आल्यासारखा ऐटीत तरंगायचा. बाकी तपासण्या झाल्या, त्यात काही म्हणता काही निघालं नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाज्या, बीट, खजूर खायला सांगितलं. वहिनींनी इमानेइतबारे सगळं खाल्लं. बीट खाऊन खाऊन जीभ लाल झाली, थेंब काही जड होईना. "तुझा थेंब माझ्यावर गेलाय," दादा खुर्चीतून म्हणायचे. "नुसता वरवर तरंगतो, कामाला म्हणून खाली उतरत नाही."

रक्त देता येत नाही म्हणून घरी बसतील तर त्या वहिनी कसल्या! सुट्टीच्या दिवशी रक्तपेढीचं शिबिर असलं की त्या सगळ्यांच्या आधी हजर. खुर्च्या मांडायच्या, खाटांवर चादरी अंथरायच्या, रक्त देऊन झालेल्यांना चहा-बिस्किटं द्यायची, हे त्यांच्याकडे ठरलेलं. शिवाय एक काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं, ते म्हणजे घाबरटांना धीर द्यायचं. एकदा व्यायामशाळेतला एक गडी आला. दंड असे, की सदऱ्याची बाही फाटायची तेवढी बाकी. त्याने सुई बघितली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तिकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ," वहिनींनी त्याचा हात धरला. "लग्न झालंय का?"

"नाही."

"मग एवढ्यातच घाबरून कसं चालेल? सगळं पुढेच आहे अजून."

तो हसेपर्यंत सुई आत गेलेली होती. असे कितीतरी जण वहिनींच्या हाताला धरून रक्त देऊन गेले. उठल्यावर सगळ्यांचं एकच वाक्य, "काहीच नसतं हो, आपण उगाच घाबरतो." वहिनी हसून बिस्किटांची बशी पुढे करायच्या. आणि आत कुठेतरी बारीक कळ यायची, की काहीच नसतं हे आपल्याला फक्त ऐकून माहीत आहे.

आता तर वय आडवं यायला लागलं होतं. पहिल्यांदा रक्त देणारा साठीच्या आतला लागतो, त्यानंतर दार बंद. वहिनींची साठी तोंडावर आली होती. नोकरीही त्याच सुमाराला संपणार होती. त्यांची मुलगी आता स्वतः कमावती आहे, नेमाने रक्त देते आणि आईच्या बाबतीत जरा कडकच आहे. ती म्हणाली, "आई, तू एवढ्या लोकांना आणलंस. तुझ्यामुळे किती पिशव्या भरल्या. तेवढं पुरे नाही का?"

"नाही पुरे," वहिनी म्हणाल्या. "माझे उपकार दुसऱ्यांच्या हाताने कसे फिटतील? आणि हे तर तुझ्या जन्माचे आहेत."

मुलगी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने आणखी बीट घेऊन आली.

लाँड्रीच्या भिंतीवरून वाफेचा एक जाड पाइप जातो आणि त्या पाइपवर एक ॲल्युमिनियमची किटली कायम बसलेली असते. ती इस्त्रीवाल्या भाऊंची जहागीर. भाऊंचा चहा म्हणजे काळाकुट्ट, कडक, एका घोटात झोप उडवणारा. जेवणाचा डबा उघडला की आधी कप भरायचा आणि दर दोन घासांना एक घोट घ्यायचा, ही तळघराची रीत. नवीन आलेल्या माणसाने "मला नको" म्हटलं, तर भाऊ त्याच्याशी बोलणं टाकतात. तिथे चहा घेणं ही गोष्ट श्वास घेण्यात जमा आहे, कोणी ती मुद्दाम सांगत नाही. वहिनी काय खातात ते सगळ्या डॉक्टरांनी विचारलं होतं. जेवताना काय पितात ते कोणी विचारलं नव्हतं, आणि वहिनींनाही सांगावंसं वाटलं नव्हतं.

एका दुपारी रक्तपेढीतल्या सिस्टर आपला हरवलेला एप्रन शोधत खाली आल्या. सिस्टर वयाने लहान, पण तोंडाने चांगल्या तिखट. लाँड्रीत जेवणाची सुट्टी चालू होती. वहिनींनी डब्यातला पालक संपवला, वर चार खजूर खाल्ले, गोळी जिभेवर ठेवली आणि भाऊंच्या चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकली.

"वहिनी!" सिस्टर जिन्यातूनच ओरडल्या. "गोळी कशाबरोबर घेतलीत?"

"चहाबरोबर. पाण्याने घशात अडकते माझ्या."

"रोज अशीच घेता?"

"रोजच. का हो?"

सिस्टर मटकन एका गाठोड्यावर बसल्या. "अहो, जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगाला लागतच नाही. चहा त्याला धरून ठेवतो आणि तसाच बाहेर नेतो. गोळीचंही तेच. इतकी वर्षं तुम्ही इकडून भरताय आणि तिकडून भाऊ रिकामं करताहेत!"

भाऊंची इस्त्री हवेतच थांबली. "म्हणजे माझ्या चहाने वहिनींचा थेंब तरंगतो?"

"एकट्या चहाने नसेल, पण हातभार मोठा आहे," सिस्टर म्हणाल्या. "दोन तास आधी नाही, दोन तास नंतर नाही. मधल्या वेळात काय प्यायचा तो प्या."

त्या दिवशी भाऊंनी खाली मान घालून नुसती इस्त्री फिरवली. वहिनींनी "तुम्हाला तरी काय माहीत" म्हणून समजूत घालून पाहिली, पण त्यांच्या मनाला फार लागलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी पाइप मोकळा दिसला. भाऊंनी किटली आपल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं आणि किल्ली वर जाऊन सिस्टरच्या ताब्यात देऊन आले होते.

"जेवणावर चहा बंद. सगळ्यांना," भाऊंनी जाहीर केलं. "आपण भुरके मारायचे आणि वहिनींनी नुसता वास घ्यायचा, हे माझ्याच्याने बघवायचं नाही."

"अहो भाऊ, माझ्यापायी सगळ्यांचे हाल कशाला?"

"थेंब बुडेपर्यंत किटली बाहेर येणार नाही. विषय संपला."

मग तळघराचे जे हाल झाले ते विचारू नका. दुपारभर जांभया. एकाने त्याच त्या उशीच्या अभ्र्याला पुन्हा पुन्हा इस्त्री केली. डॉक्टरांच्या कोटांचा गठ्ठा लहान मुलांच्या वॉर्डात गेला आणि तिथून हसण्याचा आवाज खालपर्यंत आला. वहिनींचं डोकं ठणकायचं, तरी त्या लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्यायच्या आणि तोंड वाकडं करून कामाला लागायच्या. घरी दादा जेवण झालं की स्वतःचा कप घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसायला लागले. नवराबायकोचं भांडण झालं असं शेजारच्यांना वाटलं. दोघातिघांनी येऊन दादांना समजावलंही. दादांनी कोणाला खरं सांगितलं नाही. बायकोसाठी जिन्यात बसतो, हे सांगण्यापेक्षा भांडण परवडलं.

साठीच्या आधीचं शेवटचं शिबिर आलं. त्या दिवशी वहिनींनी खुर्च्या मांडल्या, चादरी अंथरल्या आणि मग बशी बाजूला ठेवून त्या स्वतःच रांगेत उभ्या राहिल्या. मागे अख्खी लाँड्री. भाऊ कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, परीक्षेला बसवल्यासारखे. मुलगी बाजूला. दादासुद्धा खुर्ची सोडून आले होते. वहिनी पुन्हा पुन्हा मागे वळून सगळ्यांकडे बघत होत्या. इतक्या लोकांनी इतके दिवस कळ काढली आणि थेंब पुन्हा वरच राहिला, तर ह्यांना तोंड कसं दाखवायचं?

सिस्टरनी बोट पुसलं. वहिनींनी डोळे घट्ट मिटले.

"तिकडे बघू नकोस आई, माझ्याकडे बघ," मुलीने त्यांचा हात धरला.

टोचल्याचं कळलंही नाही. थेंब निळ्या पाण्यावर पडला. जुन्या सवयीने क्षणभर वरच रेंगाळला. मग हलला, खाली निघाला आणि सरळ तळाशी जाऊन बसला.

"बुडाला!" भाऊ इतक्या जोरात ओरडले, की दाराशी बसलेला एक गृहस्थ "कोण? कुठे?" करत उठून उभा राहिला.

लाँड्रीने टाळ्यांचा कडकडाट केला. रांगेतल्या लोकांना काही कळलं नव्हतं, तरी त्यांनीही टाळ्या वाजवल्या. सिस्टर ग्लास उंच धरून सगळ्यांना दाखवत होत्या आणि एप्रनच्या बाहीने डोळे पुसत होत्या. वहिनी तर हसताहेत का रडताहेत ते त्यांचं त्यांनाच समजत नव्हतं. "चला," दादा म्हणाले, "आता घरात तरंगणारा मी एकटाच उरलो."

वहिनी खाटेवर आडव्या झाल्या. मुठीत रबरी चेंडू दाबत त्यांनी नळीतून जाणारं आपलं रक्त डोळे भरून पाहिलं. आयुष्यभर त्यांनी रक्त पाहिलं ते डाग म्हणून, कोणाचं तरी गेलेलं. हे जात नव्हतं, कुठेतरी निघालं होतं. त्यांना फार, फार आनंद झाला. पिशवी भरली. सुई काढताना एक थेंब चादरीवर पडला आणि वहिनी ताडकन उठायला लागल्या.

"थंड पाणी आणा आधी!"

"झोपा हो!" सिस्टरनी त्यांना खांद्याला धरून खाली दाबलं.

"ही चादर मी धुणार, वहिनी," भाऊ म्हणाले. "थंड पाण्यात. माहीत आहे मला." थेंब बुडाल्यावर सिस्टरकडून किल्ली घेऊन त्यांनी किटली भरून आणली होती. पण ओतण्याआधी त्यांनी विचारलं, "जेवून किती वेळ झाला?" उत्तर पसंत पडलं तेव्हाच कप भरला. मुलीने बिस्किटांची बशी पुढे केली.

"काहीच नसतं गं," वहिनी बिस्किट उचलत म्हणाल्या. "आपण उगाच घाबरतो."

नंतर काही दिवसांनी, नोकरी संपायला आली होती तेव्हा, नळकांड्यातून एक गाठोडं पडलं. धप्प. वहिनींनी सोडलं तर बाळंतिणीच्या चादरी, पार भिजलेल्या. तळघरात चादर येते, माणसाचं पुढे काय झालं ते येत नाही. ह्या वेळी त्यांनी हातमोजे उतरवले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, विचारायला म्हणून, त्या जिना चढून वर गेल्या.

बाळंतिणींच्या वॉर्डातल्या आयाने कोपऱ्यातल्या खाटेकडे बोट दाखवलं. "ती बघा. रात्री कठीण होतं, पण रक्त वेळेवर मिळालं. कोणाचं, देव जाणे."

पोरगी पांढरी पडली होती, पण जागी होती. कुशीत बाळ होतं. अनोळखी बाई बघून तिने विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी खालची, लाँड्रीतली." वहिनींनी तिची चादर नीट खोचून दिली. "तुझ्या चादरी माझ्याकडे आल्यात. काळजी करू नकोस. जेवढं गेलं, तेवढं कोणीतरी भरलंय."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या.

"आणि हे बघ, जेवणावर चहा घेऊ नकोस."

मग त्या खाली गेल्या आणि थंड पाण्याचा नळ पुरता सोडला.